चहाडी आणि फिर्याद

एकाच कृत्याला दोन नांवें असावींत, त्यांपैकीं एक निंदेचें व दुसरें न्यायाचें असावें, असा प्रकार भाषेंत पुष्कळदां आढळतो. दुसऱ्यानें केलेला नियमभंग अधिकाऱ्याच्या कानावर घालणें, ह्या कृत्याचें असेंच आहे. तें करणारास आपण कधीं चहाडखोर म्हणतों, कधीं फिर्यादी म्हणतों. फिर्याद हा शब्द फारसींतून आला. त्याचा मूळ अर्थ मदतीसाठीं मारलेली हांक. हांक ही चारचौघांना ऐकूं जावी म्हणून मारलेली असते. चहाडी ही एकाच्याच कानांत सांगावयाची असते. ह्या दोहोंमधला भेद सांगणाराच्या स्वभावांत नसून ज्या व्यवस्थेंत तो सांगतो त्या व्यवस्थेंत आहे, असें आम्हांस इतिहासावरून वाटतें. आणि हें आज मुद्दाम मांडण्याचें कारण अगदीं नवें आहे.

तें कारण म्हणजे चॅटबॉट. 30 नोव्हेंबर 2022 रोजीं चॅट-जीपीटी लोकांसाठीं खुला झाला आणि थोड्याच वर्षांत यंत्राशीं बोलणें ही मध्यम स्थितींतील घरांतहि नित्याची गोष्ट झाली. ह्या यंत्रांना नियम आहेत: अमुक विचारूं नये, अमुक करवून घेऊं नये. नियम मोडणारेहि आहेत. त्यांची खबर चालकांस देण्याची सोय कोठें एका बटणावर ठेविलेली असते. कोठें तर खबर देणारें दुसरें कोणी नसून यंत्रच असतें. ऑगस्ट 2025 मध्यें ओपन-एआय ह्या कंपनीनें जाहीर केलें कीं, कोणी दुसऱ्यास इजा करण्याचा बेत यंत्रापाशीं बोलून दाखवीत असल्यास तें संभाषण नेमलेल्या माणसांपुढें जातें, खातें बंद होऊं शकतें, आणि धोका गंभीर व निकट असल्यास पोलिसांस कळविलें जाऊं शकतें. ही फिर्याद झाली कीं चहाडी? उत्तर देण्यापूर्वीं आपल्याच मुलखाकडे पाहणें बरें.

बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर अंथुर्णे हें गांव आहे. हा सगळा पट्टा मूळचा अवर्षणाचा. त्याचें रूप पालटलें तें नीरा डाव्या कालव्यानें. हा कालवा 1885 सालीं सुरू झाला. भाटघरास अडविलेलें पाणी नदींतून वीरपर्यंत येऊन तेथून कालव्यानें इकडे येऊं लागलें, आणि जेथें बाजरी पिकण्याची मारामार तेथें ऊस उभा राहिला. पण पाणी आलें तसे पाण्याचे नियमहि आले. पाण्याची पाळी ठरली, पाटकरी नेमला गेला, अर्ज आणि मंजुरी आली. ह्या व्यवस्थेचें मर्म एकाच गोष्टींत आहे: चारीच्या मुखाशीं जो बसला आहे त्यानें रात्रीं दार उचकटून दोन घटका अधिक पाणी घेतलें, तर टेलाकडच्याचा ऊस वाळतो. चोरी एकाची, नुकसान दुसऱ्याचें, आणि दोघांच्या मध्यें अर्ध्या कोसाचा अंधार.

ह्या अंधाराला कायद्यानें काय उत्तर दिलें तें पाहण्यासारखें आहे. 1879 च्या मुंबई इरिगेशन ॲक्टांत अशी तरतूद होती कीं, बेकायदा पाणी कोणीं घेतलें तें सांपडत नसेल, तर ज्याच्या जमिनीस त्याचा लाभ झाला त्यानें भरावें. आणि तसेंहि कोणी नसेल, तर त्या चारीवर पाणी घेणाऱ्या सर्वांनीं मिळून भरावें. शिवाय खबर देणारास दंडाच्या रकमेंतून बक्षीस देण्याचीहि सोय होती. म्हणजे शेजाऱ्यानें गप्प बसण्याची किंमत कायद्यानें ठरवून टाकली. एकाच्या अपराधाचा भार साऱ्यांवर पडणार असेल, तर नांव सांगणें ही चहाडी राहत नाहीं. तें स्वतःच्या व इतरांच्या बचावाचें काम होतें. पण ह्याच तरतुदीची दुसरी बाजूहि आहे. बक्षिसाचें आमिष आणि बांधावरचें जुनें वैर हीं एकत्र आलीं म्हणजे खबर किती खरी, हें कोणीं ठरवावें? म्हणूनच पंचनामा आवश्यक. अधिकाऱ्यानें जागेवर जावें, ओल पाहावी, पंच बोलवावे, आणि ज्याच्यावर आळ त्याच्या समक्ष लिहून घ्यावें. पुढें 1976 सालीं महाराष्ट्राचा स्वतंत्र पाटबंधारे कायदा झाला, आणि 2005 च्या कायद्यानें शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे पाणीवाटपाचें काम सोंपविलें. तक्रार ऐकणारा परका साहेब जाऊन तेथें चारीवरचेच लोक बसावे, हा त्या बदलाचा अर्थ.

सामुदायिक जबाबदारीची ही कल्पना इंग्रजांनीं नव्यानें आणली असें मात्र नाहीं. मराठेशाहींत चोरीचा माग ज्या गांवाच्या शिवेंत जाई, त्या गांवानें तो पुढें काढून द्यावा, नाहीं तर चोरीची भरपाई करावी, असा प्रघात होता. माग काढण्याचें काम रामोशी व जागले करीत. एल्फिन्स्टननें 1819 च्या आपल्या अहवालांत गांवाच्या ह्या व्यवस्थेचें वर्णन केलें आहे. आणि खबर मिळाल्यावर निवाडा व्हावयाचा तो गोतसभेंत किंवा हाजिर मजालशींत. तेथें वादीस अग्रवादी व प्रतिवादीस पश्चिमवादी म्हणत. दोघांनीं आधीं राजीनामा लिहून द्यावयाचा, म्हणजे होणारा निवाडा मान्य असल्याचें कबूल करावयाचें. मग जामीन द्यावयाचा. मग आपापला करीना, म्हणजे हकीकत, मांडावयाचा. साक्षी पुष्कळदां देवळांत किंवा नदीच्या संगमावर घेत. निकालाचा महजर झाला म्हणजे हरणारानें गुन्हेगारी व जिंकणारानें हरकी सरकारांत भरावयाची. ह्या पद्धतींत दोष पुष्कळ होते. दिव्याचा आधार आज कोणी घेणार नाहीं, आणि जातीचें वजन न्यायाच्या पारड्यांत पडत असे हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तरीहि सांगणारा उभा राहून सांगतो आणि ज्याच्याविरुद्ध सांगितलें तो उभा राहून ऐकतो, एवढी गोष्ट तिनें सोडली नाहीं.

दूरच्या इतिहासांतहि हाच धागा सांपडतो. कौटिल्यानें सरकारी द्रव्याचा अपहार उघड करणाऱ्या सूचकास सिद्ध झालेल्या रकमेचा सहावा हिस्सा देऊं केला, आणि तो नोकर असल्यास बारावा. पण त्याच प्रकरणांत, सांगितलेलें सिद्ध न करणाऱ्या सूचकास दंड किंवा शारीरिक शिक्षा ठेविली. हेरांचें जाळें पसरण्याचा उपदेश करणारा हा ग्रंथकार. पण खबर देणाऱ्याची जबाबदारी तोहि माफ करीत नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं रोमचा बादशहा ट्राजन ह्यानें प्लिनीस कळविलें कीं, बिननांवी आरोपपत्रांस कोणत्याहि खटल्यांत थारा देऊं नये. तें वाईट उदाहरण होईल.

हे नियम सुटले म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण पुण्यांतच आहे. 1791 च्या ऑगस्ट महिन्यांत दक्षिणेसाठीं आलेले कांहीं तेलंगी ब्राह्मण परत जातांना कोतवाल घाशीराम सावळदास ह्याच्या बागेंत शिरले व तेथील मालाला त्यांनीं हात लावला, अशी खबर कोतवालाकडे गेली. त्यांना धरून भवानी पेठेंत एका कोंदट जागेंत कोंडण्यांत आलें. नाना फडणविसांस कळविलें गेलें तें असें कीं, हे चोर आहेत. खबर एकतर्फी, ऐकणारा स्वतःच फिर्यादी, आणि धरलेल्यांना बोलण्याची सोय नाहीं. मानाजी फाकडे ह्यानें कुलूप तोडलें तेव्हां सुमारे वीस माणसें गुदमरून मेलेलीं होतीं. मग जमाव उठला, आणि त्याच जमावाच्या हातांत कोतवाल दिला गेला. दगडांनीं त्याचा अंत झाला. ह्या दुसऱ्या शिक्षेस लोक न्याय म्हणत आले आहेत. आम्हांस त्यांत पहिल्याच प्रकाराची पुनरावृत्ति दिसते. तेथेंहि चौकशी पुरी झाली नाहीं. फक्त बाजू बदलली.

इंदापूर तालुक्याचा धडा कमी रक्तरंजित, पण तितकाच बोलका आहे. प्रिंगल साहेबाच्या पाहणीवर आधारलेला सारा 1830 च्या सुमारास तेथें लागू झाला. हाताखालच्या माणसांनीं दिलेल्या जमिनीच्या नोंदी खोट्या व लाचेनें बरबटलेल्या निघाल्या; रयत जमिनी टाकून गेली. शेवटीं गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं ह्याच तालुक्यापासून फेरपाहणी सुरू केली, आणि 1836 सालीं नवे दर तीस वर्षांसाठीं बांधून दिले. नोंद करणारावर तपासणी नसेल, तर केवळ कागद व्यवस्थित असून भागत नाहीं, हें ह्या जमिनीनें पुरतें भोगलें आहे.

आतां यंत्राकडे वळूं. मार्च 2016 मध्यें मायक्रोसॉफ्टनें टे नांवाचा चॅटबॉट लोकांत सोडला. कांहीं वापरणारांनीं मुद्दाम त्याला द्वेषाची भाषा शिकविली, आणि दिवसभरांतच तो मागें घ्यावा लागला. अपराध थोड्यांचा, वंचित झाले सारे. चारीवरच्या सामुदायिक दंडाचाच हा नवा अवतार. म्हणून येथें तक्रार करणें मुळांतच हीन आहे, हें आम्हांस मान्य नाहीं. दुसऱ्याच्या मुलाबाळांचीं चित्रें विकृत करण्यासाठीं कोणी ह्या यंत्राचा उपयोग करीत असेल, तर ती गोष्ट कळविणें हें शेजारधर्माचें काम आहे.

पण चारी आणि चॅटबॉट ह्यांत एक मोठा फरक आहे. चारीवरचें पाणी सर्वांचें; यंत्राशीं होणारें बोलणें बहुधा एकट्याचें. 1966 सालीं जोसेफ वायझेनबाउम ह्यानें एलायझा नांवाची बोलणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. ती तयार होतांना जिनें पाहिली होती, ती त्याची सेक्रेटरी दोनचार वाक्यें बोलल्यावर त्यालाच खोलीबाहेर जाण्यास सांगूं लागली. माणूस यंत्रापाशीं मन मोकळें करतो, कारण तेथें ऐकणारें कोणी नाहीं असें त्याला वाटतें. तें ऐकणारेंच जेव्हां खबर देणारें होतें, तेव्हां फिर्यादी, साक्षीदार आणि पाटकरी हे तिन्ही एकच होतात. 2021 मध्यें अमेरिकेंत एका पित्यानें डॉक्टरांस दाखविण्यासाठीं आपल्या आजारी मुलाचें छायाचित्र काढलें. गूगलच्या यंत्रानें तें अपराधाचें चिन्ह मानलें. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलें. पोलिसांनीं त्याला निर्दोष ठरविलें, तरी बंद झालेलें खातें त्याला परत मिळालें नाहीं. बांधावर येऊन ओल पाहणारा तेथें कोणी नव्हता असें नव्हे. तो आला, त्यानें निर्वाळा दिला, आणि तो कोणीं मानला नाहीं.

भारतांत 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनीं मध्यस्थ कंपन्यांस तक्रार अधिकारी नेमण्यास, 24 तासांत पोंच व 15 दिवसांत निकाल देण्यास बांधलें, आणि 2023 पासून अपील ऐकणाऱ्या समित्याहि आल्या. ही दिशा योग्यच आहे. पण आमच्या मतें कसोट्या जुन्याच लावाव्या. नियम आधीं सांगितलेला असावा. ज्याच्याविरुद्ध खबर गेली त्याला ती कळावी व उत्तर देतां यावें. मुद्दाम खोटें सांगणारास किंमत द्यावी लागावी. तपासणी माणसानें करावी, आणि चूक ठरल्यास घेतलेलें परत मिळावें. सांगणाराचें नांव सुडाच्या भीतीनें लोकांपासून लपवावें लागेल. निवाडा करणारापासून तें लपूं नये.

ह्या कसोट्यांस उतरणाऱ्या व्यवस्थेंत नियमभंग कळविणारास कोणी चहाडखोर म्हणूं नये. जेथें त्या नाहींत, तेथें सांगणारा कितीहि सज्जन असला, आणि सांगणारें यंत्र कितीहि निःपक्षपाती म्हणविलें गेलें, तरी त्याची हांक एका बंद खोलींत जाते. आणि बंद खोलींत काय होतें हें भवानी पेठेनें एकदां पाहिलें आहे.