पुण्याच्या टेकड्यांवरील सायकलवाटा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

'सायकलींचे शहर' ही पुण्याची ओळख विसाव्या शतकाच्या मध्यास दृढ झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना, पेठांतील छापखाने, १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आणि शहरातील महाविद्यालये या सर्वांची ये-जा मुख्यत्वे सायकलीवर होत असे. सायकलकराचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि डबलसीटचा दंड यांविषयी पुष्कळ स्मरणपर लेखन झाले आहे. परंतु ते सारे लेखन रस्त्यावरील सायकलीचे आहे. टेकडीवर चढलेल्या सायकलीकडे अभ्यासकांचे लक्ष अभावानेच गेले. प्रस्तुत लेखात वेताळ टेकडीच्या संदर्भात या वाटांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. या वाटा सायकलीसाठी कोणी बांधलेल्या नाहीत. अन्य कारणांनी पडलेल्या वाटा सायकलस्वारांनी वापरात आणल्या. त्यांच्या आजच्या असुरक्षिततेचे मूळही यातच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डोंगरी सायकलीचे आगमन

डोंगरी सायकलीचा उगम सामान्यतः अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात मानला जातो. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या वजनदार सायकली घेऊन वणवा विझविण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून उतरत. १९७६ पासून तेथे 'रिपॅक' नावाच्या उताराच्या शर्यती होऊ लागल्या. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, यावरून हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सायकलीचा सांगाडा तयार केला. १९९० मध्ये या क्रीडाप्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्यास स्थान मिळाले. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, मरीनमधील रस्तेही मुळात सायकलीसाठी काढलेले नव्हते.

पुण्यात याच काळात उलटा प्रवाह होता. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या 'लुना'ने आणि पाठोपाठ स्कूटरने मध्यमवर्गीयाची सायकल अडगळीत टाकली. पुढे हीरो रेंजर, हर्क्युलिस एमटीबी अशा सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली मुलांच्या हाती आल्या. त्यांचा डोंगराशी संबंध नावापुरताच होता. २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले आणि २००५ मध्ये फायरफॉक्ससारख्या कंपन्यांनी गिअर व शॉकअब्सॉर्बर असलेल्या सायकली भारतात आणल्या. त्या घेणारा वर्ग कारखान्यातील कामगारांचा नव्हता. ज्या वाहनाने कामगार पोट भरण्यासाठी खडकीला जात होता, तेच वाहन सुट्टीच्या सकाळी छंद म्हणून परतले. या विसंगतीची दखल सामाजिक इतिहासाने घ्यावयास हवी.

वाटांचे मूळ आणि त्यांचा दर्जा

वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असून पुणे शहर सुमारे ५६० मीटरवर आहे. टेकडीवरील वाटांचे मूळ भिन्नभिन्न आहे. वेताळाच्या आणि चतुःशृंगीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी, तसेच गुराख्यांनी पाडलेल्या वाटा धारेवरून सरळ चढतात. दगडाच्या खाणीकडे जाणारा रस्ता मात्र मालवाहू गाड्यांसाठी असल्याने त्याचा चढ बेताचा आहे. १९६६ मध्ये एआरएआय ही वाहन संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या बाजूने डांबरी चढण आहे.

या मूळभेदातूनच वाटांचा कठीणपणा ठरतो. पाश्चात्त्य देशांत वाटांना रंगांनी दर्जा देण्याची पद्धत आहे : हिरवे वर्तुळ नवशिक्यांसाठी, निळा चौकोन मध्यम तयारीच्या स्वारासाठी, काळा चौकट तरबेजांसाठी. ही पद्धत बर्फावरील स्कीइंगच्या उतारांवरून घेतली गेली. कॅनडातील व्हिसलर येथे १९९९ मध्ये सायकल पार्क सुरू झाले. तेथे पाळण्याने वर जावयाचे आणि आपल्या कुवतीच्या वाटेने उतरावयाचे. पुण्यात असे फलक नाहीत. तरीही माथ्यावरील सपाट मातीचा रस्ता नवशिक्याचा, खाणीचा रस्ता त्याच्या पुढचा आणि धारेवरची निसटत्या खड्यांची उतरण अनुभवी स्वाराची, अशी प्रतवारी करणे अवघड नाही. ती गुराख्याने आणि खाणमालकाने नकळत करून ठेवली आहे.

वाट बांधणारे जाणकार एक साधा नियम पाळतात : वाटेचा चढ उताराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा. तसे नसेल तर पावसाचे पाणी वाटेवरूनच धावते आणि वाटेची घळ होते. धारेवरील वाटांबाबत हेच घडते. काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर, त्यावर चार महिन्यांचा पाऊस आणि चाकांनी सैल केलेली माती. वाट दरवर्षी खोल व रुंद होत जाते. पायी फिरणाऱ्यांची तक्रार या दृष्टीने निराधार म्हणता येत नाही. गवतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचाही प्रश्न आहे. मात्र झीज केवळ सायकलीने होते, असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही.

नकाशात नसलेल्या वाटा

१९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर पुढे ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण प्रस्तावित झाले. त्यावर दीर्घकाळ वाद झाला. बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता आणि टेकडीखालील बोगदे यांविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. या सर्व वादात नकाशांवर रस्ते होते, आरक्षणे होती. पायवाटेची रेघ नव्हती. २०१७ मध्ये मंजूर झालेला सायकल आराखडाही शहरातील रस्त्यांचाच होता.

ज्या वाटेची नोंद नाही, ती मिटविताना कोणास विचारावे लागत नाही. कुंपण घातले, वनीकरणासाठी समतल चर खणले किंवा गिरिपुष्पाची रोपे लावली की वाट दुसरीकडे सरकते आणि नवी झीज सुरू होते. म्हणून दर्जा ठरविण्यापूर्वी नोंद आवश्यक आहे : कोणती वाट देवळाची, कोणती खाणीची, कोणती केवळ चाकांनी पडलेली. पहिल्या दोन प्रकारांतील बेताच्या चढाच्या वाटा सायकलीस मोकळ्या ठेवता येतील; धारेवरच्या वाटा निदान पावसाळ्यात बंद ठेवाव्या लागतील आणि चाकांनी अलीकडे पाडलेल्या वाटांपैकी बहुतेक बुजवाव्या लागतील. या कामाचा आरंभ लॉ कॉलेजच्या बाजूच्या उतारापासून व्हावा, कारण नियोजित रस्त्याची रेघ तेथूनच जाते.