भूमीनें गिळलेलें चाक

कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळलें, ही कथा आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेली असते. त्या कथेंतील एक बारकावा मात्र सहसा कोणाच्या लक्ष्यांत राहत नाहीं. कर्ण रथाखालीं उतरला आणि दोन्ही हातांनीं चाक धरून त्यानें असा जोर केला कीं, पर्वतांसह पृथ्वी चार अंगुळें वर उचलली गेली. परंतु चाक कांहीं सुटलें नाहीं. व्यासांनीं हा प्रसंग शापाचें फळ म्हणून सांगितला आहे. तथापि पावसाळ्यांत काळ्या रानांतून बैलगाडी हांकलेल्या कोणाहि शेतकऱ्यास त्यांत शापाखेरीज आणखी एक सत्य दिसेल. चाक एकदां रुतलें म्हणजे जितका अधिक जोर लावावा, तितकें तें अधिक खोल जातें.

ही कथा आठवण्याचें निमित्त अगदीं घरगुती आहे. गेल्या पावसाळ्यांत माझा भाचा आपली जीप मला दाखवावयास घेऊन आला. गाडीचे पाटे बदलून त्यानें ती चांगली वीतभर उंच करवून घेतली होती आणि तिला मूळच्याहून मोठे व रुंद टायर बसविले होते. “मामा, आतां ही कोठेंहि जाईल,” असें तो मोठ्या आत्मविश्वासानें म्हणाला, आणि त्याच दुपारीं गांवाबाहेरच्या नांगरलेल्या शेताच्या कडेला ती आंसापर्यंत रुतून बसली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनें ती बाहेर ओढून काढल्यावर मीं त्याला सहज विचारलें, “टायरमध्यें हवा किती होती?” “बत्तीस पौंड, रस्त्यावर असते तेवढीच,” तो उत्तरला. मोठा टायर कशासाठीं असतो, हें त्याला ते विकणारानें सांगितलें नव्हतें. त्या संध्याकाळीं मीं त्याला जें सांगितलें, तेंच थोड्या विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहें.

हवेनें भरलेलें चाक जन्मास आलें तें मऊ जमिनीसाठीं नव्हे. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश इंजिनियरनें १८४५ सालीं त्याचें पेटंट घेतलें; पण तें काळाच्या फार पुढें होतें व लवकरच विसरलें गेलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथें गुरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तिचाकीसाठीं तीच कल्पना स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढली. दोघांचीहि दृष्टि खडखडाट व धक्के कमी करण्याकडे होती. हेंच चाक भुसभुशीत जमिनीवर तरंगूंहि शकेल, हा विचार बळावण्यास आणखी कित्येक वर्षें जावीं लागलीं.

या विचारामागचें गणित शाळकरी मुलालाहि समजेल असें आहे. गाडीचें वजन चार हजार पौंड धरूं. म्हणजे प्रत्येक चाकावर एक हजार पौंडांचा भार आला. टायरमध्यें दर चौरस इंचास तीस पौंड दाबाची हवा असेल, तर तो भार पेलण्यासाठीं टायर जमिनीस सुमारें तेहतीस चौरस इंच टेकतो. तीच हवा चार पौंडांवर आणली, तर त्याला अडीचशें चौरस इंच टेकावें लागतें. टायरच्या भिंती स्वतः थोडा भार उचलतात, म्हणून हा हिशेब तंतोतंत जुळत नाहीं; परंतु तत्त्व हेंच. दीडशें पौंड वजनाचा मनुष्य चालतांना एका पायावर असतो, तेव्हां त्याच्या पावलाचा दाब दर चौरस इंचास सुमारें पांच पौंड भरतो. म्हणजे जवळजवळ दोन टनांची गाडी माणसाच्या पावलाइतकीच हलकी होऊं शकते, मात्र तिच्या चाकांतील हवा सोडून देण्याचें धैर्य चालकानें दाखविलें पाहिजे. मोठ्या टायरचा खरा उपयोग येथें आहे. लहान टायरमधील हवा इतकी काढली, तर तो चेपून रिमच जमिनीस टेकेल. मोठ्या टायरला चपटें होण्यास पुरेशी जागा असते.

हें तत्त्व प्रथम पद्धतशीरपणें वापरलें गेलें तें वाळवंटांत. राल्फ बॅग्नोल्ड (१८९६-१९९०) हा ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी इजिप्तमध्यें असतांना सुटीच्या दिवसांत मित्रांसह फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटांत हिंडत असे. वाळूचा जो विशाल समुद्र मोटारींस अगम्य समजला जात होता, त्यांत त्यानें १९२९ व १९३० सालीं साध्या फोर्ड गाड्या नेल्या. त्यानें गाड्यांवरील अनावश्यक वजन काढून टाकलें. इंजिनांतील पाण्याची वाफ वायां जाऊं नये म्हणून ती थंड करून परत घेण्याची सोय केली. रुतलेल्या चाकाखालीं घालण्यास पोलादी पन्हळी बरोबर ठेवल्या. आणि टायरमधील हवा कमी करून पाहिली. वाऱ्यानें वाहणाऱ्या वाळूचा त्यानें इतका सूक्ष्म अभ्यास केला कीं, १९४१ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा त्या विषयावरील ग्रंथ आजहि आधारभूत मानला जातो, आणि मंगळावरील वाळूच्या टेकड्यांच्या एका समूहास त्याचें नांव देण्यांत आलें आहे. १९४० सालीं इटली युद्धांत उतरल्यावर याच अनुभवाच्या बळावर त्यानें कैरो येथें वाळवंटांत दूरवर टेहळणी करणारें एक पथक उभें केलें. पथकाचे पहिले स्वयंसेवक बहुतेक न्यूझीलंडचे असून त्यांचीं वाहनें म्हणजे रुंद टायर बसविलेले शेव्हरोले ट्रक होते. हे ट्रक जी वाट आक्रमीत, ती शत्रूस शक्यच वाटत नसे.

त्याच महायुद्धांत अमेरिकेनें १९४२ पासून जमिनीवर व पाण्यावर चालणारें ‘डक’ नांवाचें वाहन बांधलें. चालकास बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमीजास्त करतां येईल, अशी योजना त्यांत होती. समुद्रांतून किनाऱ्याच्या वाळूवर चढतांना टायर मऊ करावे आणि पक्का रस्ता लागतांच ते पुन्हां कठीण करावे, असा हा क्रम असे. अशीं एकवीस हजारांहून अधिक वाहनें तयार झालीं. परंतु युद्ध संपल्यावर सामान्य माणसाच्या हातीं जी गाडी आली, ती जीप; आणि तिचे टायर अवघे सहा इंच रुंद होते. त्या अरुंद चाकांची कथा पुढें गेली ती आईसलंडांत.

आईसलंडाचा सुमारें दशांश भाग हिमनद्यांनीं व्यापलेला आहे. त्यांतील वात्नायोकुल नामक सर्वांत मोठ्या हिमनदीचा विस्तारच साडेसात हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास भरतो. महायुद्धांत प्रथम ब्रिटिश व मागाहून अमेरिकन फौजा तेथें उतरल्या, आणि त्यांच्याबरोबर जीप आली. १४ सप्टेंबर १९५० रोजीं ‘गेइसिर’ नांवाचें मालवाहू विमान वात्नायोकुलवर कोसळलें. विमानांतील सहाहि माणसें जिवंत होतीं, पण चार दिवस त्यांचा पत्ता लागला नाहीं. त्यांना आणण्यासाठीं एक अमेरिकन विमान बर्फावर उतरलें. तें तेथेंच अडकून पडलें, उडूं शकलें नाहीं. अखेर अकुरेयरी गांवाहून निघालेलीं माणसें हिमनदी चढून त्यांच्यापर्यंत पोंचलीं आणि सर्वांस सुखरूप खालीं घेऊन आलीं. आकाशांतून उतरलेलें यंत्र ज्या बर्फावर हतबल झालें, तेथें माणसाचें पाऊल पोंचलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

याच वर्षीं आईसलंडांत हिमनद्यांच्या संशोधनासाठीं एक मंडळ स्थापन झालें. त्याचे सभासद युद्धांतून उरलेल्या, चाकांऐवजीं पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या घेऊन बर्फावर जात. या गाड्या कामाच्या खऱ्या, पण संथ; आणि हिमनदीच्या पायथ्यापर्यंत त्यांना दुसऱ्या ट्रकवर घालून न्यावें लागे. रस्त्यावर धांवणारी गाडीच पुढें बर्फावर चढूं लागली तर, ही आकांक्षा तेथील हौशी कारागिरांच्या मनांत होती. १९८० नंतरच्या दशकांत परदेशाहून आणलेले अडतीस इंच व्यासाचे, आणि कालांतरानें चव्वेचाळीस इंचांचे, टायर बसवून त्यांनीं ती सिद्धीस नेली. टायरमधील हवा दोनतीन पौंडांपर्यंत उतरवून हे लोक ताज्या बर्फावरून जाऊं लागले. स्वयंसेवकांच्या बचाव-पथकांनीं या गाड्या स्वीकारल्या, आणि पुढें त्यांच्या धर्तीच्या गाड्या दक्षिण ध्रुवापर्यंतहि जाऊन आल्या.

तथापि मोठा टायर फुकट मिळत नाहीं, आणि माझ्या भाच्यास जें ठाऊक नव्हतें तें हेंच. पाटे उंच केल्यानें गाडीचें शरीर उंच होतें. आंस आणि त्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा होता तेथेंच राहतो. त्याला उंच करतो तो केवळ टायर, आणि तोहि व्यासांतील वाढीच्या निम्म्यानें. तीस इंचांच्या जागीं अडतीस इंचांचा टायर बसविला, तर आंस चार इंच वर येतो. इकडे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत गाडी पूर्वीपेक्षां सुमारें सत्तावीस टक्के अधिक अंतर कापते. त्यामुळें वेगदर्शक कांटा साठ दाखवीत असतां गाडी खरोखर शहात्तरच्या वेगानें धांवत असते, आणि इंजिनाला तितकाच अधिक भार ओढावा लागतो. तो भार पूर्ववत् करण्यासाठीं आंसांतील दांत्यांचें प्रमाण ४.१ असल्यास तें ५.२ च्या घरांत न्यावें लागतें. जड व मोठें चाक थांबविण्यास जुने ब्रेक अपुरे पडतात. स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. वळतांना टायर मडगार्डास घांसतो. आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्यामुळें ती कलंडण्याचें भय वाढतें. म्हणूनच आईसलंडचे जाणते कारागीर गाडी फार उंच करीत नाहींत. ते मडगार्ड कापून टायरला जागा करून देतात आणि गाडीचें पोट शक्य तितकें खालीं ठेवतात. हवा कमी केल्यावर टायर रिमवरून निसटूं नये म्हणून त्याची कड पक्की जखडतात. डांबरी रस्त्यावर परततांच हवा पुन्हां भरतात, कारण मऊ टायर वेगानें धांवल्यास तापून फाटतो. अशा प्रत्येक गाडीची तेथें सरकारी तपासणी होते. आपल्याकडेहि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें वाहनांतील फेरफारांवर बंधन घातलें आहे. पुष्कळांना तें जाचक वाटतें. परंतु वरील यादी वाचल्यावर त्यामागील कारण कोणाच्याहि ध्यानांत यावें.

आईसलंडच्या कायद्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी नेण्यास तेथें मनाई आहे. मुभा आहे ती हिमनदीवर, तसेंच जमीन गोठलेली व बर्फानें झांकलेली असेल तेव्हां. तेथील शेवाळ इतकें मंद वाढतें कीं, त्यावर उमटलेली चाकोरी दशकानुदशकें पुसली जात नाहीं. ज्या देशानें सर्वांत हलकें चाक घडविलें, त्यानेंच तें कोठें टेकूं नये याचा नियमहि केला.

पण हिशेबाची एक बाजू अजून उरते. टायर जमिनीवर कितीहि हलका पडो, गाडीच्या मागील नळींतून जें बाहेर पडतें, त्याचा भार कोणत्याहि दाबमापकावर दिसत नाहीं. आईसलंडांतील ‘ओक’ ही लहान हिमनदी इतकी वितळली कीं, २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं तिचें नांव हिमनद्यांच्या यादींतून काढलें. २०१९ सालीं तिच्या जागीं एक स्मृतिफलक बसविण्यांत आला. त्यावर त्या वेळचें हवेंतील कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण कोरलेलें आहे: दशलक्षांत ४१५ भाग. हिमनदीवर जाणाऱ्या मूठभर गाड्यांनीं ती वितळविली असें म्हणणें अन्यायाचें होईल. तो धूर जगांतील साऱ्या रस्त्यांचा आहे. माझ्या भाच्याच्या जीपचा, आणि ज्या गाडीनें मी रोज कॉलेजांत जात आलों, तिचाहि.

कर्णाला शाप मिळाला तो कां, हें येथें आठवतें. बाणांचा अभ्यास करतांना त्याच्या हातून एका ब्राह्मणाची गाय नकळत मारली गेली. त्याच्या मनांत तसें कांहीं नव्हतें. त्यानें परोपरीनें क्षमा मागितली, भरपाई देऊं केली. तरी शाप टळला नाहीं, आणि ऐन युद्धांत भूमीनें आपलें येणें वसूल केलें.

भाचा या दिवाळींत पुन्हां आला होता. गाडी त्यानें दोन इंच खालीं उतरविली आहे, आणि टायरच्या हवेचा दाब मोजण्याचें एक लहानसें यंत्र खिशांत बाळगतो. मला त्यानें तें मोठ्या अभिमानानें दाखविलें. नंतर आम्ही दोघे शेतापर्यंत गेलों, पण पायींच.