गाडी परत बोलावतात तेव्हा



आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी जुनी मोटारगाडी विकत घेतली. गाडीचे हे तिसरे धनी. पहिले मालक पुण्याचे, दुसरे साताऱ्याचे. गाडी चालायला उत्तम, तक्रारीला जागा नाही. एके दिवशी तेल बदलायचे म्हणून ते कंपनीच्या अधिकृत गॅरेजात गेले. तिथल्या माणसाने गाडीचा नंबर संगणकात घातला आणि विचारले, "साहेब, ही गाडी दोन वर्षांपूर्वीच परत बोलावलीय. तुम्ही आणली कशी नाही?"

आता ते तरी काय सांगणार? कंपनीचे पत्र निघाले होते, पण ते गेले पुण्याच्या पत्त्यावर. गाडी आता आपली नाही, म्हणून पहिल्या मालकाने ते बाजूला टाकून दिले. आणि इकडे आमचे हे गृहस्थ दोन वर्षे बायकामुलांना बसवून त्याच गाडीतून हिंडत होते!

गाडी परत बोलावणे, ज्याला 'रिकॉल' म्हणतात, म्हणजे नेमके काय? गाडी कायमची काढून घेणे असा त्याचा अर्थ सहसा नसतो. कारखान्यात एखादा भाग सदोष बनला आणि त्यापासून जिवाला धोका आहे असे कळले, की कंपनी त्या गाड्यांच्या मालकांना कळवते आणि तो भाग फुकट दुरुस्त करून किंवा बदलून देते. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. पण गाडीतला दोष मालकाला कळवला पाहिजे, एवढे मान्य करून घ्यायलाही बराच झगडा करावा लागला. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो.

साठ वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेतही असा कायदा नव्हता. कंपनीला दोष समजला, तरी गाडी गॅरेजात येईल तेव्हा गुपचूप दुरुस्त करून टाकायची, मालकाला कळवायचे नाही, अशी रीत पुष्कळदा चाले. अपघात झाला की दोष चालकाचा, हे ठरलेलेच. १९६५ साली राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने पुस्तक लिहून विचारले, की चालक चुकतो हे खरे, पण गाडीच धोक्याची बांधली असेल तर? त्या पुस्तकात जनरल मोटर्स कंपनीच्या एका गाडीवर कडक टीका होती. कंपनीने नेडरच्या मागे खासगी हेर लावले. ही गोष्ट उघडकीला आली आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली.

या कायद्याने कंपनीवर बंधन आले, की दोष आढळल्यास पोच मिळणाऱ्या टपालाने मालकाला कळवावे. पण कोणत्या मालकाला? तर पहिल्या खरेदीदाराला, आणि गाडीची हमी ज्याच्या नावे झाली असेल अशा पुढच्या मालकाला. आमच्या सहकाऱ्यांसारखे तिसरे धनी त्यात बसतच नव्हते. शिवाय कळवण्याची सक्ती झाली, तरी फुकट दुरुस्तीची सक्ती नव्हती. ती पुढे १९७४ सालच्या दुरुस्तीने आली.

कायदा झाला म्हणून सगळे सुरळीत झाले का? नाही. फोर्ड कंपनीच्या 'पिंटो' या छोट्या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्या पाठीमागे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे दाबली जाऊन फाटे आणि गाडी पेट घेई. अखेर ९ जून १९७८ रोजी कंपनीने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय काय होता, तर टाकीपुढे प्लॅस्टिकची एक ढाल आणि पेट्रोल भरण्याची थोडी लांब नळी. पण दोनच महिन्यांनी, १० ऑगस्टला, इंडियाना राज्यात एका पिंटोला मागून व्हॅनची धडक बसली. गाडीने पेट घेतला आणि आतल्या तीन तरुण मुली दगावल्या. खटला झाला, १९८० साली जूरीने कंपनीला निर्दोष ठरवले. मात्र गाडी परत आणा असे सांगणारे कंपनीचे पत्र त्या घरी पोचले ते १९७९ साली, मुली गेल्यानंतर.

श्रोतेहो, ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच, की पत्र निघणे आणि पत्र पोचणे यांत अंतर असते, आणि त्या अंतरात माणसे गाडी चालवीतच असतात.

अलीकडचे उदाहरण 'ताकाता' या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे. धडक बसताच स्टिअरिंगमधून फुगून येणारी ही पिशवी चालकाचा जीव वाचवते. ती क्षणार्धात फुगावी म्हणून धातूच्या डबीत स्फोटक पूड ठेवलेली असते. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमट हवा सोसली की ही पूड बिघडते, नको तितक्या जोराने पेटते, डबी फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. जीव वाचवणारी वस्तूच जीव घेते. २००८ पासून सुरू झालेले हे रिकॉल वाढत वाढत जगभर सुमारे १० कोटी डब्यांपर्यंत गेले. २०१७ साली ताकाताचे दिवाळे निघाले. यातल्या काही गाड्या भारतातही विकल्या गेल्या होत्या आणि इथेही त्या परत बोलावल्या गेल्या. उष्ण आणि दमट हवा म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आपल्याकडे २०१२ साली वाहन-उत्पादकांच्या संघटनेने रिकॉलची नियमावली स्वेच्छेने स्वीकारली. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम कंपनीला देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले.

मग आपण करायचं काय? पहिली गोष्ट, पत्राची वाट पाहू नका. आर. सी. बुक काढा. त्यात चेसिस नंबर असतो, बहुधा सतरा अक्षरे-आकड्यांचा. तो कागदावर उतरवून घ्या. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा, किंवा घरातल्या शिकत्या मुलाला कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर घालायला सांगा. प्रश्न एकच विचारायचा: "या नंबरावर एखादा रिकॉल बाकी आहे का?" आज नसला तरी वर्षा-सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

रिकॉल निघाला, तर धोका काय आणि तोपर्यंत गाडी चालवावी की नाही, हे स्पष्ट विचारून घ्या. 'चालवू नका' असे सांगितले असेल, तर गॅरेजपर्यंतसुद्धा चालवीत नेऊ नका. गाडी उचलून न्यायची व्यवस्था कंपनीकडे मागा. सुटा भाग आला नसेल, तर नाव नोंदवून तारीख घ्या. या कामाचे पैसे द्यायचे नसतात. काम झाल्याचा कागद मात्र मागून घ्या आणि आर. सी. बुकाबरोबर ठेवा. एअरबॅग, ब्रेक यांसारखी रिकॉलची कामे नाक्यावरच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून उरकून घेऊ नका. कंपनी दाद देत नसेल, तर लेखी तक्रार करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी ही चौकशी सौद्यापूर्वीच करावी, आणि गाडी नावावर झाली की आपला पत्ता व मोबाइल नंबर कंपनीकडे नोंदवावा. गाडी विकलेल्यांनीही एक करावे. कंपनीचे पत्र आले तर ते फाडू नका, नव्या मालकाला फोन करा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या शाळेत मुलांना घेऊन येणाऱ्या गाड्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाती आलेल्या असतात. एखाद्या शनिवारी त्या चालकांकडून चेसिस नंबर लिहून घ्या आणि चौकशी करा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आमच्या सहकाऱ्यांच्या गाडीचा तो भाग त्या दिवशी दोन तासांत बदलून झाला. एक पैसाही पडला नाही. घरी आल्यावर त्यांनी पहिला फोन केला तो साताऱ्याच्या मालकांना, कारण त्याच कंपनीची दुसरी जुनी गाडी त्यांच्या मुलाकडे होती.