पणजीचे नाव कुठे सापडते

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांचे वडील सूर्याजीपंत ठोसर आणि आई राणूबाई. मुलगा संतपदाला पोहोचला आणि त्याचे चरित्र लिहिले गेले, म्हणून राणूबाईंचे नाव आज गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. मात्र त्यांच्यानंतर अडीचशे-तीनशे वर्षांनी याच परिसरात नांदलेल्या बहुतेक बायकांची नावे त्यांच्याच पणतवंडांना सांगता येत नाहीत. या बायका कागदावर आल्याच नाहीत असे नव्हे. त्या कोणत्या कागदावर आल्या, हे माहीत असावे लागते.

इंग्रजी अमदानीत जांब इंग्रजांच्या मुलखात नव्हते. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला. त्यामुळे जुना शोध औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या दप्तरांपर्यंत जातो. संस्थानची कारभाराची भाषा आधी फारसी होती, 1880 च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवरचे लिखाण बरेचसे मराठीत, मोडी लिपीत होते. तारखा फसली सनात असतात. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळतो: फसली 1300 म्हणजे 1890-91.

जालन्याच्या लष्करी छावणीतील युरोपीय कुटुंबांची गोष्ट वेगळी होती. त्यांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफन चर्चच्या वहीत नोंदले जात व त्या नोंदींच्या नकला वरिष्ठांकडे जात. अशा नोंदी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. छावणीतल्या गोऱ्या शिपायाच्या बायकोचे माहेर तिथे सापडू शकते. शेजारच्या खेड्यातल्या बाईसाठी अशी एकच वही नाही.

तिचा माग मुख्यतः जमिनीच्या कागदांतून लागतो. नवरा हयात असेपर्यंत बाईचे नाव सहसा उताऱ्यावर येत नसे. ती विधवा झाली की येई, आणि नावापुढे ‘भ्र.’, ‘जौजे’ किंवा ‘बेवा’ लिहून नवऱ्याचे नाव जोडले जाई. मुले लहान असतील तर ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती, अशी नोंद मिळते. यातून सासर कळते, माहेर मात्र कळत नाही.

माहेरचा धागा 1956 नंतरच्या फेरफारांत आहे. त्या वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीही वारस ठरल्या. त्यामुळे भावाच्या गावच्या वारस नोंदीत बहिणी आपल्या सासरच्या नावाने हजर असतात. पुढे अनेकींनी हक्कसोडपत्र करून वाटा सोडला, पण त्या दस्तात बाप, भाऊ, नवरा आणि दोन्ही गावे एकत्र आली. निजामकाळात जन्मलेल्या आजीचे माहेर शोधायला याहून भरवशाचा कागद क्वचितच मिळतो.

दुसरी जागा तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. पैठण, नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरी गेल्यावर उपाध्याय आधी गाव आणि आडनाव विचारतात व त्या घराण्याचे पान काढतात. तिथे यात्रेकरूंनी आणि त्यांच्या पूर्वजांनी लिहवलेली नावे असतात. बापभावांसोबत आई, बायको, सुनाही असतात. श्राद्धातही आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजी-आजोबा यांचा नामोच्चार होतो. ज्या घरात हा विधी टिकला, तिथे ही नावे तोंडपाठ राहिली.

नाव मिळाले तरी एक अडचण उरते. अनेक कुटुंबांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहीत. कल्याणच्या यमुनाची आनंदीबाई जोशी झाली ती लग्नानंतरच. म्हणून एकाच बाईचा शोध दोन नावांनी घ्यावा लागतो. जालना जिल्ह्यातल्याच धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढल्या. त्यांचीही ओळख सासरच्या गाव-आडनावानेच रूढ झाली.

कागद संपतो तिथे जात्यावरची ओवी उपयोगी पडते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओवीत बाई भावाचे नाव घेते, माहेरची वाट सांगते. घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडी अशी ओवी असेल, तर ती शोधाची दिशा ठरवू शकते.

2023 मध्ये जवळच्या अंतरवाली सराटीतील मराठा आरक्षण आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा मोठा शोध सुरू झाला. घरोघरी वंशावळी मांडल्या गेल्या. जातीचा दाखला बापाच्या बाजूने ठरतो, म्हणून त्या वंशावळी बाप, आजोबा, पणजोबा अशाच चढत जातात. पण दप्तर उघडलेच आहे, तर त्याच पानावरची बाईची नोंदही उतरवून घ्यावी. तेवढ्यासाठी पुन्हा कुणी दप्तर उघडण्याची शक्यता कमी आहे.

राज्य सरकारच्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. यापुढच्या पिढ्यांना आईच्या नावासाठी दप्तरे धुंडाळावी लागणार नाहीत. त्याआधीच्या बायकांची नावे मात्र घरातली वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच विचारून लिहून ठेवली पाहिजेत.