खोलीचा वारस

मृत्युपत्र करायला आलेला गिरगावकर आधी दागिन्यांचं बोलायचा, मग बँकेतल्या ठेवींचं, गावच्या घराचं. उठता उठता हळूच विचारायचा, "आणि खोलीचं काय?" फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये मी 1974 साली कारकून म्हणून लागलो. साहेब कलमं सांगायचे इंग्रजीत, अशिलाला ती मराठीत उलगडून सांगायचं काम माझं. खोलीबद्दल साहेबांचं उत्तर ठरलेलं असे: "लिहू नका. ती तुमची नाही."

मी स्वतः गिरगावातल्याच मुगभाटात, भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलो, त्यामुळे हे उत्तर भाषांतर करताना माझीच जीभ अडायची.

मृत्युपत्र ही चीज आपल्याकडे इंग्रजी कोर्टांच्या सावलीत रुजली. एकत्र कुटुंबात वाटण्या होत, दत्तक घेतला जाई. मेल्यावर आपली मिळकत कुणाला जावी हे कागदावर लिहून ठेवायची चाल धर्मशास्त्रात नव्हती. मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या व्यापाऱ्यांनी ती उचलली. 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टने या तीन शहरांसाठी आणि बंगाल प्रांतासाठी नियम घातले: मृत्युपत्र लेखी हवं, सही हवी, दोन साक्षीदार हवेत आणि कोर्टाकडून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, काढायला हवं. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने तेच कलम 57 आणि 213 मध्ये पुढे चालवलं. म्हणून दादरच्या माणसाने दादरात केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट लागे, आणि ठाण्याच्या माणसाने ठाण्यातल्या घरापुरतं केलेल्याला लागत नसे. लालबागच्या गिरणी कामगाराचं कुटुंब तर एकाच वेळी दोन नियमांखाली राहायचं. त्याच्या भावाने रत्नागिरीत बसून तिथल्या जमिनीचं मृत्युपत्र केलं तर प्रोबेटची सक्ती नाही. याने मुंबईत बसून केलं की सक्ती.

प्रोबेट काढणं म्हणजे हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी खात्यात खेटे. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा करायचं, मालमत्तेची यादी जोडायची, एका तरी साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आणायचं. साक्षीदार हमखास वारलेला किंवा मुलाकडे बडोद्याला गेलेला. प्रत्येक कायदेशीर वारसाची संमती, नाहीतर त्याला सायटेशन, म्हणजे कोर्टाची नोटीस. एखाद्या भावाने हरकतीचं कॅव्हिएट घातलं की अर्जाचा दावा होई आणि वर्षं जात. मृत्युपत्र अमलात आणणारा एक्झिक्युटर नेमलेलाच नसला, तर प्रोबेटऐवजी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन. म्हणून साहेब म्हणायचे, साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा आणि एक्झिक्युटरचं नाव विसरू नका.

ही सगळी यंत्रणा मालकांसाठी उभी होती, आणि मालकांनी तिचा उपयोगही केला. परळला केईएम इस्पितळाच्या आवारात उभे राहिलात की मेलेल्या माणसांचा पैसा काय करू शकतो ते दिसतं. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय 1926 मध्ये सुरू झालं ते शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या मागे राहिलेल्या संपत्तीतून. देणगी देताना विश्वस्तांची अट होती की शिकवणारे भारतीयच असावेत. दोराबजी टाटांनी 1932 मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, आपली मालमत्ता ट्रस्टच्या हवाली केली. त्याच ट्रस्टच्या पैशातून 1941 मध्ये परळला कॅन्सरचं इस्पितळ उघडलं. आणि या इस्पितळांभोवतीच्या चाळींत राहणाऱ्या हजारो माणसांना एक खोली मागे ठेवायची मुभा नव्हती.

कारण खोली भाड्याची. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठवलं, भाडेकरूला उठवणं अवघड केलं. त्याच कायद्यात भाडेकरू वारल्यावर काय, तेही लिहून ठेवलं: मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय हाच पुढचा भाडेकरू, आपसात एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवेल. म्हाताऱ्याची इच्छा यात कुठेच बसत नव्हती. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही यावर 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. वर पागडी, म्हणजे खोली देताना उचललेली एकरकमी रक्कम, घेणं गुन्हा होता, तरी सगळं गिरगाव पागडीवरच चाले. तिला कायद्याने मान्यता मिळाली ती 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने.

मग खोली कुणाची, हे ठरे रेशनकार्डावर; सोबत राहत असल्याचा पुरावा तोच. डोंबिवलीला ब्लॉक घेतलेला भाऊ गिरगावच्या कार्डावरून नाव काढू देत नसे, गणपतीला येऊन आठ दिवस राही आणि कुणी विचारलं तर "मी इथलाच" म्हणे. आईवडिलांजवळ राहणाऱ्या धाकट्या सुनेची सेवा किती खरी आणि किती भाडेपावतीसाठी, यावर नळावर चर्चा चाले. मुलीचं नाव लग्न होताच कार्डावरून कमी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तिला बापाच्या मिळकतीत भावाच्या बरोबरीने वाटा दिला, पण चाळकऱ्याची एकुलती मोठी मिळकत त्या वाट्यात नव्हतीच. मी पाहिलेली बहुतेक भांडणं खोलीची होती, आणि एकाही मृत्युपत्राने ती सोडवली नाहीत.

पुनर्विकासाने हे चित्र उलटं केलं. चाळ पाडून टॉवर उभा राहतो तेव्हा सेसच्या, म्हणजे दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या, इमारतीतल्या भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं घर मिळतं, तेही मालकी हक्काने. तीन पिढ्या भाडेपावती जपलेल्या घरात प्रथमच सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट येतं आणि नामनिर्देशनाचा फॉर्म. बहुतेक जण त्यात थोरल्याचं नाव भरून मोकळे होतात, "झालं, नावावर केलं." झालेलं नसतं. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मागे म्युच्युअल फंडांवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये निकाल आला की शेअर आणि फंडांतला नॉमिनी मालक होत नाही, मालमत्ता वारसांकडे किंवा मृत्युपत्राप्रमाणेच जाते. सोसायटीच्या घरालाही हेच तत्त्व लागू आहे. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कुणाशी बोलायचं तो माणूस.

म्हणजे गिरगाव, परळ, लालबागला मृत्युपत्राची खरी गरज आत्ता पडते आहे. आणि नेमक्या याच वेळी, डिसेंबर 2025 मध्ये, संसदेने कलम 213 वगळलं. दीडशे वर्षांची प्रोबेटची सक्ती गेली. ओळखीचे लोक खुशीत सांगतात, सुटलो एकदाचे. मी पूर्ण खूश नाही. त्या खेट्यांत पैसा आणि आयुष्य जाई हे खरं, पण सायटेशनच्या निमित्ताने सासरी गेलेल्या बहिणीच्या दारातही कोर्टाचा कागद पोचायचा. तुमच्या वडिलांनी असं लिहिलंय, तुमची हरकत आहे का, एवढं तिला विचारलं जायचं. रेशनकार्डाने तिला ते कधीच विचारलं नव्हतं.

आता तो कागद येणं बंधनकारक नाही. सोसायटीच्या कमिटीपुढे भाऊ मृत्युपत्राची प्रत ठेवील आणि खोलीसारखंच घरही गुपचूप एकाच्या नावावर चढेल. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी अजूनही साहेबांचे दोन नियम सांगतो, आणि तिसरा माझा: मृत्युपत्र केलंत की ते दाबून ठेवू नका. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवा, मुलीलाही, आणि स्वतः वाचून दाखवा. हरकत असेल तर तुम्ही जिवंत असताना ऐकून घ्या.