कवळी, वास आणि बुरशी : एका दुर्लक्षित स्वच्छतेचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्यांनी कवळीवर काय बोलायचं? पण आपल्यात साठी-सत्तरी ओलांडलेले बरेच जण आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या उशाशी रात्री पाण्याची वाटी असते. किंवा असायला हवी, आणि नसते. त्या वाटीलाही इतिहास आहे.

पहिला मुद्दा असा, की कवळीची तक्रार सुरुवातीला आजाराची नव्हतीच. ती वासाची होती. अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेत चांगली कवळी म्हणजे पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेली. तो पदार्थ सेंद्रिय, त्यामुळे लाळेत तो कुजायचा, काळा पडायचा. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या लाकडी दातांची गोष्ट आपण ऐकलेली असते, पण ती खरी नाही. त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दातसुद्धा होते. १७९८ साली त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी त्यांना पत्रातून कळवलं, की दुरुस्तीला आलेली कवळी फार काळी पडली आहे. आपण ती पोर्ट मद्यात भिजवत असाल, किंवा ते पीत तरी असाल. उपाय काय सांगितला? जेवणानंतर ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवा आणि दुसरी लावा, नाहीतर ब्रश आणि बारीक केलेल्या खडूनं घासा. म्हणजे बघा, काढून पाण्यात ठेवण्याचा सल्ला सव्वादोनशे वर्षांचा जुना आहे.

त्याच्या थोडं आधी, १७७४ च्या सुमारास, पॅरिसजवळचे एक औषधविक्रेते अलेक्सी दुशातो याच वासाला कंटाळले होते. औषधं चाखून बघायची हा त्यांचा धंदा, आणि हस्तिदंती कवळी सगळे वास शोषून घ्यायची. त्यांनी चिनी मातीची कवळी करून बघितली. दंतवैद्य द्युबुआ द शेमाँ यांनी ती सुधारली आणि १७९१ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. न सडणारे दात, अशी तिची ख्याती केली गेली. एकोणिसाव्या शतकात कडक रबराची, म्हणजे व्हल्कनाइटची, स्वस्त कवळी आली आणि दात मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. १९३७ च्या सुमारास आलं अ‍ॅक्रिलिक. आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात.

आता दुसरा धागा, बुरशीचा. तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे येतात, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. १८३९ मध्ये जर्मनीत लांगेनबेक यांना एका रुग्णाच्या चट्ट्यांत बुरशी दिसली. पुढं तिची नावं बदलत गेली, आणि १९२३ मध्ये ख्रिस्तीन बेर्कहाउट या डच संशोधिकेनं आपल्या प्रबंधात ‘कँडिडा’ हे नाव दिलं. कँडिडा अल्बिकन्स : दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधला पांढरा रंगच.

आणि गंमत इथेच आहे. कवळीखाली हीच बुरशी माजते तेव्हा टाळू बहुधा पांढरी दिसत नाही, लाल दिसते. दुखतही फारसं नाही. नाव पांढरं, खूण लाल, आणि वेदना नाही! मग माणसाला कळणार कसं? म्हणून बरीच वर्षं या लालीचा दोष नुसता कवळी घासण्यावर, किंवा कवळीच्या पदार्थावर टाकला जाई. १९६२ मध्ये न्यूटन यांनी या दाहाचे तीन प्रकार सांगितले. दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही तेच शिकतात.

औषधाची कथाही ऐकण्यासारखी आहे. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन आल्बनीत. दोघी मातीचे आणि जंतूंचे नमुने टपालानं एकमेकींना पाठवत. त्यातून १९५० मध्ये निस्टॅटिन जाहीर झालं. न्यूयॉर्क स्टेट या नावावरूनच ते नाव पडलं. स्वामित्वधनाचे कोट्यवधी डॉलर दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिले.

पण औषधानं प्रश्न मिटला का? इथे आमच्या विषयाचा माणूस तोंड उघडतो. कारण म्हणजे काय? कँडिडा कितीतरी निरोगी तोंडांत गुपचूप राहत असते. मग ती एकटीच कारण कशी? कवळी टाळू झाकते, तिथं लाळ नीट पोचत नाही, जीभ फिरत नाही. अ‍ॅक्रिलिकच्या बारीक खाचांत बुरशीचा चिकट थर बसतो. त्यात मधुमेह असला, तोंड कोरडं पडत असलं, नुकतीच अँटिबायोटिक्स झालेली असली, की तिचं फावतं. म्हणून टाळूला औषध लावायचं आणि तीच मळकी कवळी परत बसवायची, हे विहिरीत घाण तशीच ठेवून घागरी घासण्यासारखं झालं.

तेव्हा थोडं व्यवहाराचं बोलू. जेवण झालं की कवळी काढून धुवायची. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि सौम्य साबणानं आतून-बाहेरून घासायची. टूथपेस्ट नको, तिच्यानं ओरखडे पडतात आणि तिथंच बुरशी बसते. धुताना खाली पाण्यानं भरलेलं भांडं ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. फसफसणारी गोळी पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरती वापरायची, बाहेरच. मग कवळी खळखळून धुवायची. उकळतं पाणी कधीही नको, आकार बिघडतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्लीचच्या द्रावणाला १० मिनिटांची मर्यादा आहे. आणि धातूच्या कवळीला ते चालत नाही. टाळू आणि जीभही मऊ ब्रशनं पुसून घ्यायची. लाली दिसली किंवा कवळी सैल झाली, तर दंतवैद्याकडे जायचं.

आणि रात्री काढायची. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या ५२४ लोकांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी लावून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. नुसत्या अभ्यासावरून कवळीच कारण ठरत नाही, हे आत्ताच आपण बोललो. पण सावध व्हायला तेवढं पुरे आहे.

मग आपण काढत का नाही? खरं सांगायचं तर लाज वाटते. बोळकं तोंड नातवंडांनी, जोडीदारानंसुद्धा बघू नये असं वाटतं. आणि अंथरुणाला खिळलेल्याची कवळी तर आठवडा-आठवडा कुणी काढतच नाही, कारण विचारायचं कुणी, हा संकोच. दुशातोंपासून अडीचशे वर्षं माणसानं पदार्थ बदलले, औषधं शोधली. हा संकोच मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो घरातच सोडवावा लागेल. आज रात्री आपली वाटी उशाशी ठेवा, आणि घरात कुणी अंथरुणावर असेल तर त्यांची कवळी हलक्या हातानं काढून धुवा. तेही सेवेतच मोडतं.

आता प्रश्न घेऊ.