शक्तिवर्धकाचा इतिहास आणि एक काठी

पेण आणि रोहा यांमधले सरळ रेषेतले अंतर तीस-पस्तीस किलोमीटरच आहे, पण मध्ये डोंगर आहेत. जुलै १९८९ मध्ये याच टापूतून वाहणाऱ्या अंबा नदीला महापूर आला आणि जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. अशा वेळी टेलिफोन बंद पडले, तरी बॅटरीवरचा हौशी रेडिओ संदेश पोचवू शकतो. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी हे काम केलेही होते. मग पेणचा आवाज रोह्यात क्षीण ऐकू येत असेल, तर काय करावे? चटकन सुचणारे उत्तर म्हणजे संचाला शक्तिवर्धक, अर्थात पॉवर अँप्लिफायर, जोडणे. या उपकरणाचा इतिहास मात्र जरा थांबून विचार करायला लावतो.

ली द फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास तीन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला. क्षीण विद्युत्-संकेत मोठा करण्याचे साधन त्यातून हाती आले. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील ग्रिनिच येथील हौशी केंद्राचे संकेत अटलांटिकपार स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. या केंद्रात एक व्हॉल्व्ह कंपने निर्माण करी आणि पुढचे व्हॉल्व्ह त्यांची शक्ती वाढवत. या यशानंतर मोठ्या व्हॉल्व्हचे आकर्षण वाढले. पण त्यांना हजार-दोन हजार व्होल्टचा एकदिश दाब लागे आणि तो आता हौशी माणसाच्या घरात आला.

रॉस हल हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अमेरिकेतील ‘क्यूएसटी’ या हौशी रेडिओच्या मासिकाच्या संपादकवर्गात ते होते. १९३४ मध्ये पाच मीटर तरंगलांबीवर त्यांनी क्षितिजापलीकडे, सुमारे दीडशे किलोमीटरवर, संपर्क साधला. उंचावरच्या उष्ण हवेच्या थरामुळे तरंग वाकतात, हे त्यांनी हवामानाच्या नोंदींशी ताडून दाखवले. असा जाणकार, अनुभवी माणूस सप्टेंबर १९३८ मध्ये आपल्याच घरी, दूरचित्रवाणीच्या उपकरणावर काम करताना, काही हजार व्होल्टच्या धक्क्याने मरण पावला. वय चाळीसही नव्हते. त्यानंतर ‘क्यूएसटी’ने सुरक्षिततेची मोहीमच हाती घेतली. उपकरणात हात घालण्याआधी स्विच बंद करा, हे तिचे सांगणे होते.

पण स्विच बंद करणे पुरते का? ३० मायक्रोफॅरडचा धारित्र २००० व्होल्टला भारला, तर त्यात ½CV² प्रमाणे ६० ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोचे वजन सहा मीटरवरून पडावे, तेवढी ही ऊर्जा! वीज तोडली तरी ती तिथेच राहते. म्हणून धारित्राला समांतर एक रोध कायमचा जोडतात. तो १ लाख ओहमचा असेल, तर कालांक ३ सेकंद येतो आणि १५ सेकंदांत दाब १४ व्होल्टच्या खाली उतरतो. पण हा रोधच जळून तुटला असेल तर? यासाठी प्लग काढून, थांबून, भूसंपर्कित तार लावलेल्या निरोधक मुठीच्या काठीने अग्रे जमिनीशी जोडायची आणि मगच हात लावायचा.

जोडणीचे इतर नियमही असेच कारणांतून आले आहेत. धातूच्या पेटीला पक्के अर्थिंग हवे, म्हणजे आत तार सुटली तरी पेटी धोक्याच्या दाबावर राहत नाही. अँटेना किंवा कृत्रिम भार जोडल्याशिवाय संच चालवायचा नाही, कारण शक्तीला वाट मिळाली नाही तर ती परत फिरून उपकरणच जाळते. अँटेनेला प्रक्षेपण चालू असताना स्पर्श करायचा नाही. उच्च वारंवारतेचा प्रवाह त्वचा भाजतो. कोकणच्या पावसात बाहेरचे सांधे पाणबंद करावे लागतात आणि वीज कडाडू लागण्यापूर्वीच अँटेनेची केबल काढून घराबाहेर ठेवावी लागते. आजच्या ट्रान्झिस्टरच्या संचात दाब कमी असला, तरी प्रवाह मोठा असतो; नियम संपलेले नाहीत.

आता मूळ प्रश्न. शक्ती दहापट केली, तर रोह्यातील विद्युत्-क्षेत्राची तीव्रता √१०, म्हणजे सुमारे ३.२ पटच वाढते. हल यांनाही दूरचा पल्ला मिळाला तो चांगल्या दिशादर्शी अँटेनेमुळे. तेव्हा आधी अँटेना उंच, नेमकी आणि रोह्याच्या दिशेने असावी; शक्तिवर्धक त्यानंतर, परवान्याच्या मर्यादेत. शिक्षकांनी वरील ६० ज्यूलचे उदाहरण वर्गात अवश्य द्यावे, पण फक्त फळ्यावर.